न धुताच स्वच्छ

पडदा वर जातो तेव्हा माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. वाहत्या पाण्याचा, आणि काच काचेला लागल्याचा. मग डाव्या हाताच्या उंच खिडकीतून उजेड उतरतो आणि एकेक वस्तू जागी होते. लांबलचक दगडी कुंड, त्यावर दोन नळ. भिंतीवर खुंट्यांची फळी आणि प्रत्येक खुंटीवर पालथी घातलेली बाटली. कोपऱ्यात आम्लाचं पिंप, वर लाकडी झाकण. आणि मधोमध, पाठमोरी, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवलेली एक ठेंगणी बाई. एकतीस वर्षं ती अशीच जगाकडे पाठ करून उभी होती. नाटकात अशा पात्राला संवाद देत नाहीत. ते आलं काय आणि गेलं काय, प्रेक्षकांना पत्ता नसतो.

ही पाणी तपासणारी सरकारी प्रयोगशाळा. नदीचं, विहिरींचं, कारखान्यांच्या नाल्यांचं पाणी बाटल्यांतून इथे यायचं, वरच्या मजल्यावर तपासलं जायचं आणि रिकाम्या बाटल्या खाली हिच्याकडे उतरायच्या. लांब दांड्याच्या ब्रशने घासायच्या, आम्लात बुडवायच्या, विसळायच्या, वाळत घालायच्या. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला काचमावशी म्हणत. नव्याने आलेल्या मुलींना ती शिकवायची, "शेवटचं पाणी ओतलं की काचेवर त्याची सलग चादर उतरली पाहिजे. थेंब धरला की समजायचं, बाटली अजून खोटं बोलतेय."

कुणी विचारलं, मावशी, इतक्या वर्षांत बाटल्या किती फोडल्यात, तर उत्तर तयार असे. "दोन. एक माझी बहीण गेली त्या दिवशी, आणि एक जुन्या साहेबांना झोपेतून उठवायला."

बहीण गेली तेव्हा बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा होता. मावशीने त्याला पदराखाली घेतलं ते कायमचं. स्वतःचं लग्न, संसार या गोष्टी तिने पुढे ढकलल्या आणि ढकलता ढकलता त्या कुठे पडल्या ते तिलाही आठवेना. भाचा मोठा झाला, अंगापिंडाने भरला, पण अभ्यासात त्याचं डोकं चालेना. तेव्हा तिने साहेबांपुढे हात जोडले, आयुष्यात एकदाच. भाच्याला नमुने आणायचं काम मिळालं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नदीत उतरायचं, बाटली भरायची, चिठ्ठी चिकटवायची, गाडीने आणून द्यायची. तो नदीवर भरायचा, ती इथे धुवायची. मावशी-भाच्याची जोडी म्हणून लोक थट्टा करत. "एकाने भरावं, दुसऱ्याने ओतावं. सरकारचा कारभार घरातच."

कारखान्यांच्या वसाहतीच्या खाली एक पूल होता. तिथून आलेल्या बाटल्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे, 'खालचा पूल'. त्या बाटल्या मावशीला चिठ्ठी न वाचता ओळखू यायच्या. मानेला तांबूस, चिकट कडं. तळाशी काळा गाळ. सडक्या अंड्याचा वास हातमोज्यांना दोन दिवस चिकटून राहायचा. चार वेळा घासल्याशिवाय काच मान तुकवत नसे.

तिची नोकरी संपायला तीन वर्षं होती. एका सोमवारी खालच्या पुलाच्या सहा बाटल्या आल्या त्या न धुताच स्वच्छ. मानेला कडं नाही, तळाशी गाळ नाही. तिने एक नाकाशी धरली. नळाच्या पाण्याला येतो तो औषधी वास. तिने ब्रश खाली ठेवला, मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

कुंपणच शेत खात होतं, आणि त्या कुंपणातला एक काटा तिच्या घरचा होता.

तिने भाच्याला एकदाच विचारलं. तो जेवत होता, घास हातात थांबला. "साहेब सांगतात तसं भरतो. तू धुतेस, मी भरतो, वरचे लिहितात. ज्याचं त्याचं काम."

"कुठून भरतोस?"

"मावशी, जेवू देतेस का?"

तिने त्याला जेवू दिलं. आणि तीन वर्षं, दर सोमवारी, त्या स्वच्छ बाटल्या ती नेमाने घासत राहिली, आम्लात बुडवत राहिली, खुंटीला पालथ्या घालत राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

निवृत्तीला साहेब स्वतः आले. चाळिशीतला, मवाळ आवाजाचा माणूस. कुणाला कधी ओरडला नाही. त्याने हार घातला आणि म्हणाला, "काचमावशींच्या हाताखालून गेलेली वस्तू म्हणजे धुतल्या तांदळासारखी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाच्यानेही.

आता दुसरा प्रवेश. दोन खोल्या, तळमजला, स्वयंपाकघराची खिडकी गल्लीकडे. घर नदीच्या खालच्या अंगाला, पाणी चाळीच्या बोअरचं. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारीण हात दाखवायला आली. तळव्यांची साल निघालेली, बोटांच्या बेचक्यांत लाल चिरा. "साबण बदलला, तरी हे असंच. तुम्ही औषधाच्या ऑफिसात होतात ना?"

"बाटल्यांच्या," मावशी म्हणाली.

शेजारीण गेल्यावर ती पाणी प्यायला उठली. टेबलावर काचेचा तांब्या होता. त्याच्या मानेला तांबूस कडं धरलेलं. तिने ते बोटाने पुसलं, बोट नाकाशी नेलं. खालचा पूल.

ती तशीच खाली बसली. संध्याकाळचं दूध नासेपर्यंत तिला गॅसची आठवण झाली नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून गेलं की एका साप्ताहिकाची कचेरी होती. त्याला मालक नव्हता आणि कारखान्यांच्या जाहिराती ते घेत नसे. चालायचं ते वाचकांनी दिलेल्या पैशांवर. माणसं दोन. कानाला यंत्र लावलेले म्हातारे संपादक, आणि मुलासारखे केस कापलेली एक बातमीदार. मावशी दारात चपला काढून आत गेली आणि ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं म्हणाली, "वर्गणी किती असते हो?"

संपादकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, वर्गणी विचारायला कुणी चपला काढून येत नाही. बसा. बोला."

ती बोलली. एकतीस वर्षांचं न बोललेलं एका तासात बोलली. बातमीदार लिहून घेत होती. मध्येच ती थांबून म्हणाली, "मावशी, कारखान्यांचं पाणी कुठे जातं हे आम्हाला वर्षभर माहीत आहे. छापता येत नाही. दूरच्या शहरात खाजगी प्रयोगशाळा आहे, तिचा कागद हातात आला तर छापता येईल. पण तिथल्या चाचण्यांना आम्ही सहा महिन्यांत मिळवतो तेवढे पैसे लागतात."

"ते मी देते," मावशी म्हणाली. निवृत्तीचे आलेले होते. म्हातारपणाची काठी म्हणून ठेवलेले.

बातमीदार काही बोलायच्या आत संपादकांनी हात वर केला. "थांबा. आमच्याकडे पैसे देणं सोपं नाही. निनावी घेत नाही. मागे एकदा घेतले, ते निघाले कारखानदाराचेच. महिनाभराने त्यानेच बोंब ठोकली की हे विकले गेलेत. तेव्हापासून देणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर छापतो. आणि दुसरं म्हणजे देणाऱ्याला मजकूर दाखवत नाही. हे घाला नाही, ते काढा नाही."

"नमुने आणणारा माझा भाचा आहे," मावशी म्हणाली. "आत्ताच सांगते, नंतर कुणाकडून कळायला नको."

खाली दुकानात कुणीतरी सायकलचं चाक फिरवत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"मग देऊ नका पैसे," संपादक म्हणाले. "मनापासून सांगतो."

"त्याचं नाव येणार का?"

"येणार. तो स्वतः पुढे येऊन बोलला तर साक्षीदार म्हणून येईल. नाही बोलला तर करणारा म्हणून."

मावशीने पिशवीतून चेकबुक काढलं. "पेन आहे का? माझं घरी राहिलं."

आठ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, बातमीदार तिच्या दारात आली. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बारा भरलेल्या बाटल्यांची पेटी. खालच्या पुलाच्या. "मावशी, तुमचं घर जवळ म्हणून आले. बर्फाची पेटी घेऊन गाडी चारला येते. तोवर तुमच्या फ्रीजमध्ये राहू देत." मावशीने भाजी बाहेर काढली, बाटल्या आत ठेवल्या. इतक्या वर्षांनी बाटल्यांच्या मानेला ते तांबूस कडं पाहून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून भीती वाटली.

एक वाजता भाचा आला. फ्रीजमधून पाणी घ्यायला गेला आणि उघड्या दाराशी उभाच राहिला.

"कुणी भरल्या?"

"तू नाही भरल्यास," मावशी म्हणाली. "म्हणून कुणीतरी भरल्या."

"साहेब तीनदा तुझी तब्येत विचारून गेले. मला वाटलं, चांगला माणूस आहे." त्याने फ्रीजचं दार हळू लावलं. "तू काय करतेयस हे तुला कळतंय का? वर कुणी अडकणार नाही. सही वरच्यांची असते, पण हात माझा असतो."

"म्हणूनच म्हणते, आधी तू बोल."

"घरात दोन पोरं आहेत, मावशी."

"ती पाणी कुठलं पितात?"

त्याने पायात चपला सरकवल्या. जाताना तो दारात थांबला. "लहानपणी कुणी मला मारलं तर तू अनवाणी धावत यायचीस," एवढं बोलून तो गेला.

मावशी ओट्याशी उभी राहिली. पुढचं तिला नीट आठवत नाही. ती बहिणीचा विचार करत होती, त्याच्या शाळेच्या दप्तराचा विचार करत होती, आणि हात आपलं काम करत होते. चार वाजता बातमीदार आली तेव्हा ओट्यावर फडक्यावर बारा बाटल्या पालथ्या घातलेल्या होत्या. चकाकत होत्या. काचेवर एक थेंब नव्हता.

मुलगी रडली नाही, ओरडली नाही. तिने एकेक बाटली उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली. "चला माझ्याबरोबर," एवढंच म्हणाली.

लोखंडी जिना चढून गेल्यावर दिसलं, कचेरीच्या कुलपात कुणीतरी डिंकासारखं काहीतरी ओतून ठेवलेलं होतं. संपादक पायरीवर बसून ते खिळ्याने टोकरत होते. त्यांनी सगळं ऐकलं, कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं.

"चूक की चलाखी?"

"एकतीस वर्षांची सवय," मावशी म्हणाली.

"सवयीने रिकामी बाटली धुतली जाते, बाई. भरलेली ओतायला मन लागतं."

मावशीने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "मला तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "हातांना विचारून पाहिलं. तेही सांगत नाहीत."

संपादकांनी खिळा खाली ठेवला. खोटं बोलायला आलेल्या माणसाने याहून चांगलं उत्तर पाठ करून आणलं असतं, असं त्यांना वाटलं असावं. "तुमचं नाव या अंकात छापून झालंय," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "सकाळीच वाटप झालं. आता मागे घेता येणार नाही."

"घ्यायचं कुणाला आहे? परत भरू. या वेळी मी भरते. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत."

ती घरी पोचते तोच फोन वाजला. साहेबांचा तो मवाळ आवाज.

"काचमावशी, तब्येत कशी आहे? तुमचं नाव वाचलं पेपरात. आनंद झाला. आणि ऐकलं, आज बाटल्या धुतल्यात. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. हाताचा गुण काही जात नाही तुमच्या."

मावशीचा हात फोनवर घट्ट झाला. बाटल्या धुतल्या हे जगात तिघांना ठाऊक होतं, त्यातली एक ती स्वतः. तिने मान वळवली. खिडकीबाहेर, गल्लीतल्या विजेच्या खांबाला टेकून एक माणूस उभा होता. त्याच्या पायाशी शेंगांच्या टरफलांचा ढीग होता. एका दुपारचा नव्हता तो, आठ दिवसांचा होता.

"माझ्या टेबलावर दोन कागद आहेत," साहेब बोलत होते. "एक तुमच्या भाच्याच्या बढतीचा. दुसऱ्यात लिहिलंय की तीन वर्षं नमुने त्याने कुणालाही न विचारता, आपल्या मनाने नळावर भरले. दोन्हींवर सही माझीच लागते. कुठल्यावर करायची, ते अजून ठरवलं नाही. तुम्ही विश्रांती घ्या."

खिडकी लावली तर तो माणूस आहे की गेला हे कळणार नाही, आणि उघडी ठेवली तर तो आहे हे कळत राहणार. मावशीने खिडकी उघडी ठेवली. ओट्यावरच्या बारा बाटल्या एकेक करून पिशवीत भरल्या. मग भाच्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. भाचेसुनेने उचलला आणि म्हणाली, "ते आल्यापासून न बोलता बसलेत, मावशी. मोटारसायकलची किल्ली हातात घेतात, ठेवतात. काय झालंय?"

"उद्या अकरा वाजता मी खालच्या पुलाखाली असेन म्हणावं," मावशी म्हणाली. "एवढं सांग. बाकी काही बोलू नकोस."

आता शेवटचा प्रवेश. ऊन असं की पुलाच्या कठड्याला हात लावता येत नव्हता. पैलतीरावर बातमीदार कॅमेरा घेऊन उभी, शेजारी बर्फाची पेटी ठेवलेली गाडी. ऐलतीरावर मावशी, दगडांचा उतार आणि खाली तांबूस फेस धरलेलं पाणी. गुडघे तिचे केव्हाचे संपावर गेलेले. बसत, सरकत, पिशवी छातीशी धरून ती काठापर्यंत पोचली. वास ओळखीचा होता. पिशवीतून तिने पहिली बाटली काढली, झाकण उघडलं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की इथून पाण्यापर्यंत कंबरेएवढी खोल पायरी आहे. एकतीस वर्षं तिने या पाण्याच्या बाटल्या धुतल्या, पण ते भरतात कसं हे कधी पाहिलं नव्हतं.

वर पुलावर गाडी थांबल्याचा आवाज आला. राखाडी, काळ्या काचांची. मागचं दार उघडलं आणि भाचा उतरला. दुसरं कुणी उतरलं नाही. इंजिन चालूच राहिलं.

तो उतार झपझप उतरला, त्याची पायाखालची वाट होती. तिच्याजवळ येऊन उभा राहिला. चेहरा झोप न झालेल्या माणसाचा.

"मावशी, घरी चल."

"एकटा आलास?"

"दिसत नाही का? तुला न्यायला आणलंय मला. तू आली नाहीस तर गाडीतले उतरणार."

"कागद दाखवले?"

"दोन्ही."

"कुठला बरा वाटला?"

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं आणि विझलं. "दोन्हीकडे माझंच नाव आहे."

"मग तिसरीकडेही येऊ दे. तिथे तरी तुझ्या तोंडचं असेल." तिने रिकामी बाटली त्याच्यापुढे धरली. "मला जमत नाही रे. पाय पोचत नाही माझा. आणि ती बघ, पलीकडे मुलगी उभी आहे कॅमेरा घेऊन. तू भरलीस तर जग बघेल की तुला भरता येतं."

"आणि नंतर?"

"नंतरचं मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

तो बाटलीकडे बघत राहिला. मग वाकला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडू लागला, आधी डावी, मग उजवी. पूर्वी रोज करायचा, त्याच क्रमाने. त्याने तिच्या हातातून बाटली घेतली, दगडावरून खाली पाय सोडला आणि मांडीपर्यंत पाण्यात उतरला. फेस त्याच्याभोवती फाटला आणि परत जुळला.

वर इंजिन बंद झालं. एका मागोमाग दोन दारं वाजली. बुटांखालून सुटलेले खडे उतारावरून गडगडत आले, त्यातला एक मावशीच्या पाठीमागे येऊन थांबला. भाच्याने दचकून मान वर केली. बाटली अर्धीच भरली होती.

मावशी मागे वळली नाही. ती पुढे वाकली, एक हात दगडावर टेकवला, दुसऱ्या हातात झाकण तयार धरलं, आणि नव्या मुलींना शिकवताना लावायची त्याच आवाजात म्हणाली, "त्यांच्याकडे बघू नकोस, बाटलीकडे बघ. काठोकाठ भर, आत हवा राहता कामा नये."